हलक्या कानाचा धनी

राजा दुर्बळ निघाला आणि त्याच्या नावाने अनर्थ घडला, तर त्या अनर्थाचे पाप कोणाच्या माथी मारावे? राजाच्या, की ज्याने राजाचा कान धरला त्या आवडत्या माणसाच्या, की हे सर्व डोळ्यांनी पाहून जे गप्प बसले त्यांच्या? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो. राजेरजवाडे गेले, त्यांच्या गाद्या गेल्या. शेतात राबणाऱ्या माणसास ह्या चौकशीचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर हे की, गाद्या गेल्या तरी धनीपण गेलेले नाही. गावच्या पंचांत, मंडळीच्या कारभारात, सोसायटीच्या चिटणिसाच्या खोलीत आणि म्हाताऱ्या बापाच्या खाटेपाशी ते अद्याप नांदत आहे. आणि जेथे धनीपण आहे तेथे धन्याच्या कानाशी लागणारा मनुष्यही आहेच.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूर देशी जावयास नको. पनवेलच्या खाडीपासून बोरघाटाच्या माथ्यापर्यंतची जी वाट आज मोटारीने तासाभरात सरते, तिच्यावरून सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एक गादीचा दावेदार परक्यांची फौज बरोबर घेऊन निघाला होता. तो का निघाला, कोणाच्या सल्ल्याने निघाला आणि त्यात कोणाचे काय गेले, हे पाहिले म्हणजे आमच्या प्रश्नाचा बराच उलगडा होईल.

18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे थोरले माधवराव पेशवे क्षयाने वारले. त्यांच्या मागून त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. त्याचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. चुलता रघुनाथराव, ज्यास लोक राघोबादादा म्हणत, तो शनिवारवाड्यातच नजरकैदेत होता. 30 ऑगस्ट 1773 रोजी पगारासाठी गलबला करीत गारदी वाड्यात शिरले. पोरगा जीव घेऊन चुलत्यापाशी पळाला आणि त्यास मिठी मारून 'वाचवा' म्हणून विनवू लागला. तेथेच गारद्यांनी त्याचा वध केला. चापाजी टिळेकर नावाच्या खिजमतगाराने धन्यास आपल्या अंगाने झाकून प्राण दिला. त्या दिवशी त्या वाड्यात मोठमोठ्या नावांची माणसे होती. परंतु आपले कर्तव्य एका चाकरास कळले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रघुनाथरावाने गारद्यांस जे पत्र दिले त्यात नारायणरावास 'धरावे' असे होते, आणि त्यातील 'ध' चा 'मा' आनंदीबाईने केला, ही कथा महाराष्ट्रात पोरासोरांस ठाऊक आहे. ती म्हणच होऊन बसली आहे. ह्या कथेस भक्कम पुरावा नाही असेच इतिहासाचे अभ्यासक सांगतात. तथापि घटकाभर ती खरी धरू. खरी धरली तरी रघुनाथराव सुटतो काय? पगार थकलेल्या, हातात शस्त्र असलेल्या भाडोत्री शिपायांच्या हाती आपल्या सख्ख्या पुतण्यास धरण्याचा हुकूम देणे, म्हणजे गवताच्या गंजीजवळ कोलीत ठेवून 'मी तर चिलमीपुरता विस्तव दिला होता' असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय, ज्या कृत्याचा आपणांस खरोखरच तिटकारा आला त्या कृत्याचा लाभ मनुष्य घेत नाही. रघुनाथरावाने पेशवाईची वस्त्रे घेतली. ज्याने पीक आपल्या कणगीत भरले त्याने 'बी माझे नव्हते' असे म्हटल्यास कोण ऐकेल?

पुण्याचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी ते ऐकिले नाही. त्यांनी चौकशी केली, दोष प्रत्यक्ष पेशव्याकडे येतो असे ठरविले, आणि ह्यास देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्याच्या तोंडावर सांगून पुणे सोडिले, असे परंपरेने सांगतात. रामशास्त्र्यांपाशी फौज नव्हती, खजिना नव्हता. हाती काय ती लेखणी. रघुनाथरावापाशी दोन्ही होती. तरीपण त्या दोघांत दुर्बळ कोण, ह्याविषयी आजवर कोणाच्या मनात शंका आलेली नाही.

येथे 'दुर्बळ' ह्या शब्दाचा अर्थ आपणांस नीट पारखून घेतला पाहिजे. रघुनाथराव भित्रा होता काय? मुळीच नाही. 1758 साली लाहोरापर्यंत मराठ्यांचे घोडे नेणारा सरदार तोच. रणांगणावर तो शूर होता. परंतु पुतण्याच्या हाताखाली दुसऱ्या जागी बसण्याचे बळ त्याच्या अंगी नव्हते, आपल्या हुकुमाची जोखीम आपल्या शिरावर घेण्याचे बळ नव्हते, आणि गोड बोलणाऱ्यास 'पुरे' म्हणण्याचे बळ तर नव्हतेच. म्हणून आम्ही म्हणतो की, दुर्बळपणा हा मनगटाचा गुण नव्हे. ज्याच्या मनास स्वतःचा ठाव नाही, आणि जो शेवटी भेटेल त्याच्या मताचा होतो, तो दुर्बळ होय. आमच्या भाषेत त्याला फार चांगले नाव आहे: हलक्या कानाचा.

गादीविषयी वाद उत्पन्न झाला म्हणजे पुढे काय होते तेही पाहा. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस इत्यादी मुत्सद्द्यांनी, ज्यांस बारभाई म्हणतात, तिला पुरंदर किल्ल्यावर नेले. तेथे 18 एप्रिल 1774 रोजी तिला पुत्र झाला, आणि त्या चाळीस दिवसांच्या बालकास त्यांनी पेशवा केले. तोच सवाई माधवराव. इकडे रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी 6 मार्च 1775 रोजी सुरत येथे तह करून साष्टी व वसई देऊ केली. एकीकडे पाळण्यातील मूल, दुसरीकडे खुनाचा डाग लागलेला चुलता. अशा वेळी लोकांचे मन भांबावते, आणि भांबावलेल्या मनास कोणीही काहीही विकू शकतो. 1776 साली तसेच झाले. पंधरा वर्षांपूर्वी पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे म्हणणारा एक तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. तेथील सुभेदारानेच त्यास बाहेर काढून उचलून धरिले. कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, आणि हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. शेवटी महादजी शिंद्यांपुढे त्याचा मोड झाला. कुलाब्याच्या रघोजी आंग्ऱ्यांनी त्यास पकडून दिले, आणि पुण्यास त्यास देहदंड झाला. त्याच्या मागे गेलेले सर्वच लोक काही मूर्ख नव्हते. त्यांस खरा धनी पाहिजे होता. तो मिळेना म्हणून त्यांनी खोट्यास खरा मानिला.

आता पनवेलचा प्रसंग. नोव्हेंबर 1778 मध्ये मुंबईकर इंग्रजांची सुमारे 3,900 माणसांची फौज रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्याकरिता निघाली आणि पनवेलीस उतरून घाटाकडे चालू लागली. तिच्या सामानास सुमारे 19,000 बैल होते असे लिहून ठेविले आहे. हुकूम चालविण्यास एक सेनापती नसून तीन जणांची कमिटी होती. त्यांपैकी एक आजारी पडून परतला व मरण पावला. उरलेल्या दोघांचे एकमेकांशी पटेना. घाट चढल्यावर दिवसाकाठी मैल-दोन मैलांहून अधिक ही फौज सरकेना. मराठ्यांनी पुढचा चारा जाळला, गावे ओस पाडली. कप्तान स्ट्युअर्ट, ज्याच्या शौर्यावर खूश होऊन मराठ्यांनी त्यास 'इष्टुर फाकडा' म्हटले, तो कार्ल्यापाशी पडला. रघुनाथरावास वाटत होते, व त्याच्या मसलतगारांनी त्यास भरविले होते की, आपण घाटमाथ्यावर दिसताच सरदारांची रीघ लागेल. नाव घेण्यासारखे कोणी आले नाही. 11 जानेवारी 1779 च्या रात्री मोठ्या तोफा तळ्यात लोटून फौज माघारी फिरली. वडगावास वेढली गेली. आणि तेथील करारान्वये रघुनाथरावास मराठ्यांच्या हवाली व्हावे लागले. पुढे तो निसटला व युद्धही लांबले. परंतु 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने त्याच्या पदरी काय पडले? दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक आणि कोपरगावची वस्ती. पुतण्याचा जीव गेला, साष्टी गेली, इतकी वर्षे लढाई चालली, आणि हाती आली ती पेन्शन.

ह्या जमाखर्चात एक बाब कोणी मांडीत नाही, ती आम्ही मांडतो. 19,000 बैलांनी कोणाचा चारा खाल्ला? जाळलेल्या गंजी कोणाच्या होत्या? घाटाखालच्या व घाटावरच्या ज्या कुळांस 'ध' ठाऊक नव्हता आणि 'मा'ही ठाऊक नव्हता, त्यांच्या. धनी दुर्बळ असला म्हणजे त्याच्या दुर्बळपणाचा सारा नेहमी खालच्या माणसाकडून वसूल होतो.

वाचक म्हणतील, दुर्बळ राजाच्या जागी समर्थ कारभारी असला म्हणजे झाले. नाना फडणीस समर्थ होते ह्यात संशय नाही. वीस वर्षे त्यांनी राज्य सांभाळिले. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, समर्थ मनुष्यही आपल्या आवडत्यापुढे आंधळा होतो. नानांच्या मेहेरबानीने घाशीराम पुण्याचा कोतवाल झाला होता. 1791 साली त्याच्या कैदेत एका रात्री अनेक तैलंग ब्राह्मण कोंडून गुदमरून मेले. मग शहर खवळले, आणि नानांस त्यास लोकांच्या स्वाधीन करावे लागले. लोकांनी त्यास दगडांनी ठार केले. कोतवालाच्या जुलमाचा बोभाटा काही त्याच रात्री झालेला नव्हता. परंतु ज्यास धन्याचा आसरा आहे त्याच्यावरील तक्रार धन्याच्या दारापर्यंत पोहोचता पोहोचता थंड होते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. बाल पेशव्यास नानांनी जपले, शिकविले. पण त्याच्या हाती कारभार येऊ दिला नाही. ज्या मुलास कधी चुकू दिले नाही, त्यास निवड करण्याची सवय कोठून लागणार? ऑक्टोबर 1795 मध्ये शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून सवाई माधवराव वारला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. तिकडे रघुनाथरावाचे मुलगे बापाच्या अपराधामुळे प्रथम आनंदवल्लीस व मग जुन्नरास, पहाऱ्यात वाढत होते. त्यांतील बाजीराव कैदेत लहानाचा मोठा झाला. उघड बोलण्याची सोय नाही अशा घरात वाढलेले मूल काय शिकते? हसून वेळ मारणे, सगळ्यांस हो म्हणणे, आणि कोणावरही विश्वास न ठेवणे. दुर्बळ धनी आकाशातून पडत नाहीत. पुष्कळदा शहाणी माणसेच त्यांस घडवितात.

सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर वारसाचा पुन्हा घोळ झाला. 1796 च्या एका वर्षात बाजीरावाचे नाव पुढे आले, मागे पडले, आणि पुन्हा पुढे आले. मध्यंतरी त्याचा धाकटा भाऊ चिमाजीअप्पा ह्यास मृत पेशव्याच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन गादीवर बसविले. म्हणजे नात्याने जो चुलता तो पुतण्याचा पुत्र झाला! नाना पुणे सोडून कोकणात महाडास गेले आणि तेथून सूत्रे फिरविली. डिसेंबर 1796 मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला, आणि चिमाजीचे दत्तविधान रद्द ठरले. शास्त्र, नाते, वडिलकी ह्या सर्वांचा आधार सर्वांनी घेतला. परंतु हा मनुष्य ह्या कामास योग्य आहे काय, हे मात्र कोणी मनापासून विचारले नाही. प्रत्येकाने आपल्या हाती राहील असा धनी शोधिला. तसाच मिळाला, आणि मग तो सर्वांच्याच हातून निसटला.

दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द म्हणजे आवडत्या माणसांची रांग होय. शिंद्यांस कबूल केलेला पैसा देता येईना, तेव्हा दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे ह्यांस पुण्यातून तो वसूल करण्याची मुभा दिली. 1798 साली घाटग्यांनी सावकारांस व गृहस्थांस तापल्या तोफांवर बांधण्यापर्यंत मजल नेली असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. बोभाटा झाल्यावर पेशवा, आपणांस इतके ठाऊक नव्हते, असे दाखवू लागला. पुढे बाळोजी कुंजर जवळचा झाला. 1801 साली विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले, आणि त्या सूडाने पेटून यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरास लढाई होऊन बाजीराव कोकणात पळाला. 31 डिसेंबरास वसई येथे इंग्रजांशी तह करून 26 लक्षांचा मुलूख त्याने तोडून दिला. बापाने ज्यांचा आश्रय केला, मुलानेही त्यांचाच केला.

शेवटचा आवडता त्रिंबकजी डेंगळे. जासुदाच्या कामापासून चढत चढत तो पेशव्याचा उजवा हात झाला. जुलै 1815 मध्ये बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर आलेले असता पंढरपुरास त्यांचा खून झाला. इंग्रजांनी त्रिंबकजीस मागितले, बाजीरावाने टाळाटाळ करून अखेर दिले. ठाण्याच्या किल्ल्यातून, जेथे आज तुरुंग आहे, तो सप्टेंबर 1816 मध्ये निसटला. पुढे नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली. पनवेलच्या दक्षिणेस जो कर्नाळ्याचा सुळका दिसतो तो किल्ला 1818 च्या आरंभी इंग्रजांनी घेतला, आणि जून 1818 मध्ये बाजीराव शरण गेला. त्रिंबकजी पुन्हा सापडून चुनारच्या किल्ल्यात कैदेत मेला. बाजीराव गंगेकाठी बिठूरास सालिना आठ लक्ष रुपयांवर राहिला व 1851 साली वारला.

चाकरास कोठडी आणि धन्यास आठ लक्ष! जगाच्या तराजूत हे असेच होते. परंतु नीतीच्या तराजूत कोणाचे पारडे खाली जाते?

त्या काळच्या मानकऱ्यांस विचारले असते तर ते म्हणाले असते, 'हलक्या माणसास वर चढविले, हाच सारा दोष.' हे उत्तर आम्ही साफ नाकारितो. हलक्या स्थितीतून वर येणे हा अपराध असेल, तर धनगराच्या घरी जन्मलेले मल्हारराव होळकर अपराधी ठरतील; पेशव्यांच्या पायांतील जोडे सांभाळीत असत असे ज्यांच्याविषयी सांगतात ते राणोजी शिंदेही अपराधी ठरतील. रामशास्त्रीही गरिबीतून वर आले. ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले त्या आमच्या वाचकांनी तर हे लक्षात ठेवावे की, 'जात पाहून माणूस चढवा' हा उपदेश करणाऱ्यांनी राज्य राखिले नाही. त्रिंबकजीचा दोष त्याच्या जन्मात नव्हता. त्याच्या अधिकाराच्या जातीत होता. कारभाऱ्यास काम नेमून दिलेले असते आणि त्याचा हिशेब चारचौघांत घेता येतो. आवडत्यास नेमून दिलेले काही नसते. म्हणून त्याचा हिशेबही कोणास घेता येत नाही. तो धन्याच्या मर्जीवर उभा असतो, आणि धन्यास तो हवा असतो तोही ह्याचसाठी: हा माझ्यावाचून कोणी नाही, म्हणून हा मला सोडणार नाही, आणि संकट आले म्हणजे ह्याच्याकडे बोट दाखविता येईल.

म्हणून आवडत्यास दूर केल्याने रोग जात नाही. इंग्लंडात दुसरा एडवर्ड नावाचा राजा 1307 साली गादीवर आला. पिअर्स गॅव्हेस्टन त्याचा फार लाडका. सरदारांनी त्यास हद्दपार करविले, राजाने परत आणिले. शेवटी 1312 साली सरदारांनी त्यास ठार केले व आता राज्य सुधारले असे मानिले. काही वर्षांतच डिस्पेन्सर बापलेक त्याच जागी येऊन बसले. 1326 साली त्यांचाही अंत झाला, आणि 1327 साली खुद्द राजास गादी सोडावी लागली. पुण्यात घाटगे गेले तर कुंजर आले, कुंजर गेले तर डेंगळे आले. पाट रिकामा असला म्हणजे बसणारा मिळतोच. प्रश्न पाट मांडणाऱ्याचा आहे. शास्त्रातील अहश्वेरोश राजाची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे. हामानाची मसलत दुष्ट होती खरी, परंतु आपल्या बोटातील मुद्रा काढून त्याच्या हाती कोणी दिली?

मग दुर्बळ जन्मणे हेच पाप काय? तसे म्हणणे क्रूरपणाचे होईल. बाजीरावाने कैदेतील बाळपण मागून घेतले नव्हते. मनाचा भित्रेपणा कित्येकांस आईबापांकडून येतो, कित्येकांस माराने येतो, कित्येकांस अति लाडाने. जे स्वाधीन नाही त्याचा दोष मनुष्यास लावू नये. परंतु दुर्बळ मनुष्यासही तीन गोष्टी नेहमी स्वाधीन असतात. 'मला कळत नाही' असे तो म्हणू शकतो. एकाचे ऐकिले तर दुसऱ्याचेही ऐकू शकतो. आणि भार झेपत नसेल तर तो खाली ठेवू शकतो. ह्या तिहींपैकी एकही न करिता जो गादीला चिकटून राहतो, तो आपल्या दुर्बळपणाचा आडोसा करितो. आणि येथून पुढे त्याचा दुर्बळपणा हे दुर्दैव राहत नाही, तो अपराध होतो.

राहिले पाहणारे. नारायणरावाच्या वधानंतर पुष्कळ सरदारांनी नव्या पेशव्यास मुजरे केले. बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जात. जो अधिक रक्कम कबूल करी त्याच्या पदरी महाल पडे, तो ती पाटलाकडून काढी, आणि पाटील कुळाकडून. ह्या साखळीत प्रत्येक कडी म्हणे, 'वरून आले आहे.' आमच्या मते पाप हे भाकरीसारखे नाही; वाटून घेतल्याने प्रत्येकाच्या वाट्यास थोडे येत नाही. धनी आपल्या न विचारण्याबद्दल पुरता दोषी, आवडता आपल्या लोभाबद्दल पुरता दोषी, आणि ज्यास ठाऊक होते व बोलता येत होते तो आपल्या मौनाबद्दल पुरता दोषी. परंतु 'बोलता येत होते' हे शब्द आम्ही जाणून घातले आहेत. ज्याची गंजी जळत होती त्या कुळाकडून आम्ही रामशास्त्र्यांचे धैर्य मागत नाही. ज्याच्या अंगावर शालजोडी होती त्याच्याकडून मागतो.

आणि रामशास्त्री निघून गेले, त्याने काय साधले, असे कोणी म्हणेल. एक तर त्यांच्या जाण्याने नव्या पेशव्याच्या कपाळावरील डाग सर्वांस दिसला. जे मुजरे करीत होते त्यांसही दिसला. दुसरे असे की, बारभाईंचा कारभार बसल्यावर ते परत आले आणि 1789 साली वारेपर्यंत न्यायाचे काम पाहत राहिले. सोडून जाणे आणि परत येऊन कामास लागणे ही दोन्ही त्यांनी केली. केवळ रुसून बसणाऱ्याने त्यांचे नाव घेऊ नये.

आता हे सर्व आपल्या उंबऱ्याशी आणू. आज पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखून ठेविल्या आहेत. परंतु कित्येक गावी सरपंचबाईंच्या नावाने सही एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा असे चालते. तेथे दोष बाईचा म्हणून हसू नका. तिला कारभार शिकू न देता नाव मात्र तिचे लावणाऱ्यांचा तो आहे, जसा पुण्यास बाल पेशव्याविषयी झाला. पनवेल-उरण भागात 1970 पासून नव्या शहराकरिता जमिनी घेतल्या गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. आणि त्याबरोबर भावाभावांची, काकापुतण्यांची भांडणे कचेरीच्या पायरीपर्यंत आली. एखाद्या घरी म्हातारा बाप जिवंत असता वाटणी उघड सांगत नाही, प्रत्येक मुलास एकांतात 'तुझेच आहे' म्हणतो, आणि जो मुलगा उशाशी बसतो त्याच्या म्हणण्यावर अंगठा उठवितो. हा बाप दुष्ट नसतो. त्यास कोणाचे मन मोडवत नाही, इतकेच. परंतु त्याच्या ह्या कोमलपणामुळे त्याच्या मागे त्याची मुले एकमेकांच्या दारी पाणी पीत नाहीत.

म्हणून ज्याच्या हाती थोडेही धनीपण आहे त्यास आम्ही इतकेच सुचवितो. कोणी कोणाची तक्रार कानात सांगू लागला, तर त्यास म्हणावे, 'तो आला म्हणजे त्याच्यासमक्ष सांग.' निम्म्या तक्रारी तेथेच विरतील. ज्या उरतील त्या खऱ्या असतील. जो कागद आपण वाचला नाही, किंवा विश्वासाच्या दोन माणसांकडून वाचवून घेतला नाही, त्यावर सही अगर अंगठा करू नये. कारण 'ध' चा 'मा' दुसऱ्याने केला तरी खाली नाव आपले असते. आपल्या मागून काम कोणी पाहावयाचे हे आपण धडधाकट असता, सर्वांच्या देखत ठरवावे, आणि ठरविताना हा माझ्या मुठीत राहील काय हे न पाहता, हा मला चूक दाखवील काय हे पाहावे. मंडळीतील वडिलांनी, शाळेच्या मास्तरांनी, बचतगटाच्या प्रमुख बाईंनी, सर्वांनीच हे आपापल्या ठायी करून पाहावे.

आणि जे धनी नाहीत, परंतु धन्याच्या जवळ बसतात, त्यांनी एक गोष्ट रोज स्वतःस विचारावी: आज मी धन्यास जे सांगितले, त्यात त्यास न आवडणारे असे काही होते काय? महिना गेला आणि तसे काहीच निघाले नाही, तर आपण कारभारी राहिलो की आवडते झालो, ह्याचा त्याने विचार करावा.